फुकटच्या तर्रीचा हिशोब



जानेवारीत चार दिवस सुट्टी टाकून घरी, चंद्रपूरला, जाऊन आलो. घरी गेलो की पहिल्या सकाळी एक काम ठरलेलं असतं. अंघोळ नंतर, आधी तर्री पोहा. गावातलं एक जुनं नाश्त्याचं हॉटेल आहे (हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि समोर उभं राहून खाणारी वीस माणसं). नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रार आहे :-)

प्लेट आली. पोह्याची रास, त्यावर भिजलेले हरभरे, कांदा, सांबार (पुणेकरांनो, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, इडलीबरोबरचं ते नाही) आणि त्यावर तर्री. म्हणजे तर्री असायला हवी होती. प्रत्यक्षात होतं ते किंचित तांबूस पाणी. दोन घास खाल्ले आणि लहानपणापासूनच्या सवयीने प्लेट पुढे केली.

"भाऊ, तर्री मार ना थोडी."

समोरच्या मुलाने मोबाईलवरून मान वर न करता सांगितलं, "एक्स्ट्रा तर्रीचे दहा रुपये."

मी सटपटलोच. दहा रुपयांसाठी नव्हे हो. हिंजवडीत मी दोनशे रुपयांची कॉफी कुरकुर न करता पितो. पण तर्रीचे पैसे? उद्या वाऱ्याचे घेतील! पोह्याच्या प्लेटबरोबर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तर्री मिळणं हा आमच्याकडे जवळजवळ जन्मसिद्ध हक्क होता. त्यात टेबलावर, पूर्वी चिरलेल्या कांद्याची परात असायची त्या जागी, एक लाल प्लॅस्टिकची बाटली. आत सॉस म्हणवणारा चिकट पदार्थ. टोमॅटोशी त्याचं नातं फार लांबचं असावं.

घरी येऊन आईबाबांपुढे भाषण ठोकलं. दर्जा राहिला नाही, आपुलकी राहिली नाही, वगैरे. बाबांनी पेपरमधून डोकं न काढता एकच प्रश्न विचारला, "आधी फुकट मिळत होती, तं तिचे पैसे कोण भरत होता?"

रिटायर्ड माणसांशी वाद घालू नये. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि परतीच्या गाडीत त्याचा हिशोब मांडत बसलो. तो तुमच्यासमोर ठेवतो.

तर्री म्हणजे काय

ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेल तापवायचं, त्यात कांदा, आलं-लसूण आणि मसाला परतायचा, मग तिखट घालायचं, तेल सुटेपर्यंत भाजायचं आणि वरून पाणी ओतून उकळू द्यायचं. उकळल्यावर जे लालभडक तेल वर तरंगतं ती तर्री. खाली राहतो तो रस्सा.

आता यातली रसायनशास्त्राची गंमत बघा. मिरचीचा लाल रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती गाजराच्या रंगाच्या कुळातली. ती तेलात विरघळतात, पाण्यात नाही. तिखटपणा देणारं कॅप्सेसिनसुद्धा तेलातच रमतं. म्हणजे चांगल्या तर्रीला दोनच गोष्टी लागतात : पुरेसं तेल आणि चांगली मिरची. तेल कमी केलं तर रंग वर यायला जागाच उरत नाही. मिरची कमी केली तर तेल पिवळट दिसतं. पाणी वाढवून तर्री वाढत नाही, फक्त रस्सा वाढतो. थोडक्यात, तर्रीत चोरी लपत नाही. डोळ्यांना दिसते.

हे लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

पाळ्यांचं गाव

'फास्ट फूड' म्हटलं की आपल्याला १९९६ साल आठवतं. त्या वर्षी अमेरिकन पिझ्झा आणि बर्गरवाले भारतात आले. पण पटकन बनणारं, उभ्याने खायचं, स्वस्त आणि रोज त्याच चवीचं खाणं, एवढीच व्याख्या असेल तर आमच्या जिल्ह्यात ते फार आधीपासून होतं. आणि ते हौसेतून नाही, घड्याळातून आलं.

चंद्रपूर (१९६४ पर्यंत चांदा) हे गोंड राजांचं गाव. किल्ल्याची भिंत आणि दरवाजे अजून उभे आहेत. पण आजचं चंद्रपूर घडवलं ते कोळशाने. १८७० च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्धा खोऱ्यात रेल्वे आली. १९२९ मध्ये बल्लारशाह ते काझीपेठ हा तुकडा जोडला गेला आणि दिल्ली-मद्रास हा सरळ रस्ता खुला झाला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस त्याच मार्गाची. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ ची. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. १९८३ मध्ये दुर्गापूरच्या औष्णिक केंद्राचा, म्हणजे आमच्या भाषेत 'थर्मल'चा, पहिला संच सुरू झाला. बाबा तिथेच होते.

खाण, गिरणी, थर्मल आणि रेल्वे या सगळ्यांत एक गोष्ट सारखी : पाळी. पहिल्या पाळीला जाणारा माणूस भल्या पहाटे घर सोडतो, रात्रपाळीचा सकाळी भुकेला परततो. त्याला दहा मिनिटांत, खिशाला परवडेल असं आणि दुपारपर्यंत टिकेल असं काहीतरी हवं. पोहा, आलूबोंडा, समोसा, कचोरी. पण नुसता पोहा म्हणजे कोरडं, हलकं खाणं. त्याला पोटभरीचं बनवतात ते हरभरे आणि तर्री. म्हणून 'तर्री मार ना' ही लाडाची मागणी नव्हती. हाडं मोडेस्तोवर काम करणाऱ्या माणसाला त्याच पैशात पाव पोट जास्त भरायचं होतं, एवढाच तिचा अर्थ.

हॉटेलवाल्याचंही गणित साधं होतं. पोह्याचा भाव फळ्यावर लिहिलेला, तर्रीचा कुठेच नाही. फळ्यावरच्या भावाने गिऱ्हाईक यायचं, न लिहिलेल्या तर्रीने ते टिकायचं.

आमच्या धंद्यात याला चांगला शब्द आहे : डॉक्युमेंटेशनमध्ये नसलेलं फीचर. युजर ते रोज वापरतो, त्यावर विसंबून राहतो, पण रिक्वायरमेंटच्या कागदावर त्याचा उल्लेख नसतो. बजेट कापायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड कुठे पडते ते सांगायला नको. कारण ते काढलं तरी 'आम्ही कुठे कबूल केलं होतं?' असं म्हणता येतं. पोहा पाव प्लेट कमी केला तर भांडण होईल. तर्री पातळ केली तर फक्त तोंडं वाकडी होतील.

तर मग कुऱ्हाड का पडली? तीन खाती उघडून बघू.

खातं पहिलं : तेल

आजीच्या काळी आमच्याकडे जवसाचं तेल असायचं. पूर्व विदर्भात धान उभं असतानाच त्याच्या ओल्या बांधीत जवस, लाखोळी फेकून पेरायची पद्धत आहे. तिला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. गावच्या घाणीवर तेल काढून मिळायचं. गडचिरोलीकडे जंगलात मोहाच्या बियांचंही तेल निघायचं. थोडक्यात, तेल ही घराजवळची वस्तू होती.

मग चित्र बदललं. सोयाबीन आलं, रिफाइंड आलं, आणि १९९४ मध्ये सरकारने पामोलिनची आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली केली. हॉटेलांच्या कढईत इंडोनेशिया-मलेशियाचं तेल शिरलं. खरं सांगायचं तर माझ्या बालपणीची ती दाट, उदार तर्री बऱ्याच अंशी या स्वस्त तेलाचीच कृपा होती. ज्याला मी 'जुनी चव' म्हणतो ती आजीला नवीच वाटली असणार!

पण स्वस्ताईची दोरी दुसऱ्याच्या हातात गेली. आज देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी अर्ध्याहून अधिक बाहेरून येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल अडकलं. त्यातच २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली. बंदी टिकली जेमतेम साडेतीन आठवडे, २३ मे पर्यंत. पण तेवढ्यात इकडे हॉटेलवाल्यांच्या पळीतलं तेल आटलं ते आटलंच. जकार्तामध्ये घेतलेला निर्णय चंद्रपूरच्या पोह्यावर दिसतो, याला जागतिकीकरण म्हणतात.

खातं दुसरं : मिरची

मिरची मुळात आपली नाहीच. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणली. पण आमच्या भागाने ती अशी काही आपलीशी केली की भिवापूरची मिरची हे नाव झालं. भिवापूर नागपूर जिल्ह्यात, चंद्रपूरच्या सीमेला जवळ. या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

त्या पट्ट्यात, आमच्या नागभीड तालुक्यातसुद्धा, मिरचीचे सातरे असतात. सातरा म्हणजे मोकळ्या जागी पसरलेला मिरचीचा लाल गालिचा, आणि त्यात बसून दिवसभर देठ खुडणाऱ्या बाया. मजुरी किलोवर. सातऱ्याच्या बाजूने मोटरसायकलवरून जाताना आपल्याला ठसका लागतो. त्या बाया तिथे आठ-आठ तास बसतात.

पण स्थानिक मिरचीवर चुरडा-मुरडा रोग पडत राहिला, पीक परवडेना, शेतकरी दुसरीकडे वळले. आता बाजारात जोर तेलंगणा-आंध्रच्या मिरचीचा. गुंटूर आणि खम्मम या तिच्या मोठ्या पेठा. आणि इथे गोष्टीला एक वळण आहे. ती मिरची तिकडची असली तरी तोडणारे हात बरेचसे इकडचेच आहेत. धानाचं काम संपलं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतून टोळ्याच्या टोळ्या गाड्यांत बसून तेलंगणात मिरची तोडायला जातात. घरं कुलूपबंद होतात, नाही तर म्हाताऱ्यांच्या भरवशावर राहतात. पोरंही आईबापांबरोबर जातात आणि त्यांची शाळा बुडते.

आमच्या घरी भांडी घासायला मावशी येतात, त्या मूळच्या चामोर्शीकडच्या. लहानपणी वर्षातले दोन महिने त्या दिसायच्या नाहीत. विचारलं की आई म्हणायची, "त्या मिरचीला गेल्या." मामाच्या गावाला गेल्या म्हणावं तसं. मला कित्येक वर्षं वाटायचं मिरची नावाचं एखादं गावच असावं.

या खेपेला पहिल्यांदाच मावशींना नीट विचारलं. मिरची तोडताना नेमकं काय होतं? म्हणाल्या, "दिवसा काही नाही वाटत बाबू. रात्री हात पेटते. लहान लेकरू रडलं तं त्याचे डोळे पुसता येत नाही."

मजुरी कधी पैशात मिळते, कधी मिरचीच्या रूपात. आमच्या डब्यातलं लाल तिखट पुष्कळदा मावशींच्या त्या मजुरीतलंच असायचं. आई ते त्यांच्याकडून विकत घ्यायची. हे मला आता कळलं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मिरचीचा हंगाम चालूच होता. आमच्या जिल्ह्यांतले हजारो मजूर तिकडे अडकले. गाड्या बंद. माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन, जंगलातून, नदीनाले ओलांडून चालत आली. मावशींच्या टोळीला पोहोचायला पाच दिवस लागले. मजुरीची मिरची मालकाच्या अंगणातच राहिली. मी तेव्हा पुण्यात घरून काम करत होतो आणि भाजीवाला वेळेवर येत नाही म्हणून वैतागलो होतो. असो.

मिरचीच्या भावाचंही बघा. २०२३ च्या सुरुवातीला चांगली लाल मिरची क्विंटलला वीस हजारांच्या वर गेली होती. हॉटेलवाल्यांनी तर्री पातळ केली, समजू शकतो. पुढे भाव कोसळले. इतके, की फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रच्या शेतकऱ्यांसाठी केंद्र सरकारला ११,७८१ रुपये क्विंटल असा हस्तक्षेपाचा भाव जाहीर करावा लागला. मग तर्री पुन्हा दाट झाली का? नाही. फीचर एकदा काढलं की परत येत नाही. युजरला सवय झालेली असते.

लाल रंगाची एक लबाडी

मघाशी म्हटलं की तर्रीत चोरी लपत नाही. तर ती लपवायचा एकच मार्ग उरतो : रंग. आणि रंग असा हवा की जो तेलात विरघळेल. कारखान्यात मेणाला, तेलाला, बूटपॉलिशला लाल करणारा सुदान नावाचा रंग नेमका तसा असतो. तो खाण्यात वापरायला बंदी आहे, कारण त्यामुळे कर्करोग होण्याचा धोका मानला जातो.

२००३ मध्ये फ्रान्समध्ये भारतातून आलेल्या तिखटात हा रंग सापडला आणि युरोपने आयातीवर तपासणीची अट घातली. फेब्रुवारी २००५ मध्ये तर ब्रिटनमध्ये कहरच झाला. भारतातून २००२ मध्ये गेलेलं भेसळीचं तिखट एका वूस्टर सॉसमध्ये शिरलं होतं, आणि तो सॉस पुढे शेकडो तयार पदार्थांत. सगळे दुकानांतून परत मागवावे लागले. सॉस, मसाला, तिखट या वस्तू पदार्थात नगण्य प्रमाणात असतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. आणि बघत नाही म्हणूनच गडबड तिथे होते.

आमच्या टेबलावरच्या त्या लाल बाटलीचीही तीच जात. टोमॅटो सॉस म्हणून विकायचं तर त्यात टोमॅटो हवा, घट्टपणा किती, आंबटपणा किती हेही नियमात लिहिलेलं आहे. पण भोपळा, स्टार्च, व्हिनेगर, साखर आणि रंग यांच्यातूनही लाल आणि चिकट असं काहीतरी बनतं, आणि ते फार स्वस्त पडतं. तर्री पातळ करणं ही काटकसर म्हणू. हे मात्र सरळ फसवणं आहे. दोन्ही एकाच तक्रारीत घालणं बरोबर नाही, हे मला लिहिता लिहिता पटलं.

खातं तिसरं : हात

आता ते खातं, जे मला उघडायचं नव्हतं.

सेवेचा दर्जा घसरला असं मी तावातावाने म्हणालो होतो. माझ्या आठवणीतली ती उत्तम सेवा कोण द्यायचं? १९९४-९५ च्या सुमाराला बाबा मला रविवारी त्याच हॉटेलात न्यायचे. तिथे एक मुलगा होता. मी प्लेट पुढे करायच्या आधी तो तर्रीचा गंज आणि पळी घेऊन हजर असायचा. बाबांना कांदा जास्त लागतो, मला लिंबू नको, हे त्याला न सांगता ठाऊक होतं. पाणी सांडलं की लगेच फडकं. हाक मारली की "आलो जी!" असं वाऱ्यासारखं उत्तर.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. तोही साधारण तेवढाच होता.

त्याला सगळे 'बारक्या' म्हणायचे. खरं नाव मला कधीच कळलं नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही. मी रविवारी पोहा खाऊन सोमवारी शाळेत जायचो. तो रविवारी तिथे असायचा आणि सोमवारीही.

१९८६ चा बालकामगार कायदा होता, पण त्यात हॉटेलं आणि ढाबे धरलेले नव्हते. चौदा वर्षांखालच्या मुलांना तिथे कामाला ठेवायला मनाई झाली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळपास सगळ्याच कामांना लागू झाली (घरच्या धंद्यात शाळेबाहेरच्या वेळेत मदत, अशा थोड्या सवलती सोडून). कायदा झाला म्हणून सगळं लगेच थांबलं असं नाही. पण आज त्या हॉटेलात बारक्या नाही, हे खरं. त्या जागी विशीतला एक मुलगा आहे, जो हाक मारल्यावर धावत येत नाही, मोबाईल बघतो आणि ठरल्या वेळी घरी जातो.

म्हणजे माझी तक्रार नेमकी काय होती? अकरा वर्षांचं पोरगं आता माझ्यासाठी धावत नाही, ही?

इथे मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. वर्धा स्टेशन गेलं.

मोठ्यांची पद्धत

कोणी म्हणेल, ही छोट्या हॉटेलांची रड आहे. मोठ्या साखळी दुकानांत शिस्त असते. असते की. तिथे तर हे सगळं फार आधी ठरवून टाकलंय. अमेरिकेत हाइन्झने केचपच्या एकेकट्या पुड्या १९६८ मध्येच बाजारात आणल्या. पुडी म्हणजे काय? तर किती द्यायचं हा निर्णय वाढणाऱ्या माणसाच्या हातातून काढून मुख्य कचेरीत नेणं. तुम्ही कितीही गोड बोला, काउंटरवरचा मुलगा मोजून दोन पुड्या देतो, कारण त्याच्याही पुड्या कोणीतरी मोजत असतं.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो काही शहरांत दोनशे रुपये किलोच्या वर गेले, तेव्हा मॅकडोनाल्ड्सच्या अनेक दुकानांत पाटी लागली की चांगल्या दर्जाचे टोमॅटो मिळत नसल्याने तूर्त बर्गरमध्ये टोमॅटो नाही. लोकांनी विनोद केले. पण मला ती पाटी एका अर्थी आवडली. काय काढलं ते सांगून काढलं. आमचा हॉटेलवाला ते सांगत नाही, पाणी वाढवतो. मग 'एक्स्ट्रा तर्री दहा रुपये' हीसुद्धा एक पाटीच नाही का? ज्याचा भाव कधी कुठे लिहिला नव्हता, तो पहिल्यांदा बोलून दाखवला गेला.

काकाजी

हे सगळं गाडीत सुचलं असलं तरी एक गोष्ट आधीच झाली होती, ती राहिली. निघायच्या आदल्या सकाळी मी पुन्हा त्या हॉटेलात गेलो होतो. गल्ल्यावर काकाजी, म्हणजे जुने मालक, बसले होते. त्यांनी ओळखलं. म्हटलं, काकाजी, तर्री अशी काहून झाली?

ते हसले. "पोह्याचा रेट दोन रुपये वाढवला तं गिऱ्हाईक बाजूच्याकडं जाते. तर्री पातळ केली तं खाली कुरकुरते. जात नाही. मंग काय करतो बाप्पा?"

अर्थशास्त्राची अख्खी पुस्तकं वाचून मला जे समजलं नसतं ते दोन वाक्यांत. मग मी विचारलं, तो बारक्या होता ना, तो कुठे असतो आता?

काकाजी थोडा वेळ आठवत राहिले. "कोणता बारक्या? लय होते."

मी दहा रुपये देऊन एक्स्ट्रा तर्री घेतली. जरा बरी होती, आदल्या दिवशीपेक्षा. की मला तसं वाटलं, कोण जाणे.

तर हिशोब असा लागला. ती तर्री कधीच फुकट नव्हती. तिचे पैसे तेल पिकवणाऱ्या दूरच्या देशात, मिरची तोडून रात्री पेटलेल्या हातांत आणि एका अकरा वर्षांच्या पोराच्या न झालेल्या शाळेत भरले जात होते. फक्त बिल माझ्या टेबलावर येत नव्हतं. आता त्यातला थोडा भाग, दहा रुपयांचा, येऊ लागला, तर मी त्याला दर्जा घसरला म्हणतो. दर्जा घसरलाय हेही खरंच, त्या लाल बाटलीची मला अजून चीड आहे आणि राहील. पण ते दहा रुपये मावशींपर्यंत पोहोचत नाहीत, हे त्याहून मोठं दुखणं आहे. ती पातळ तर्री पिऊनही काही स्वस्त झालेलं नाही.

निघताना आई म्हणाली, "पुढच्या खेपेला फोन करून ये. फेब्रुवारीत आलास तं घरी सगळं मलाच करावं लागते. मावशी मिरचीला जाणार."

या वेळी मला ते गावाचं नाव वाटलं नाही.